जैसे थे

कमळाकर घरत रोह्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होता. समन्स पोचवायचं, नोटीस दारावर डकवायची, जप्तीला जायचं, आणि निकाल ज्याच्या बाजूने लागला त्याला जागेचा ताबा देऊन यायचं, हे काम त्याने एकतीस वर्षं केलं होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. घर पेण तालुक्यात, वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात. सकाळी सातच्या एसटीने जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं, हा त्याचा नेम. कोर्टात त्याला सगळे ‘कॉलेजियम’ म्हणत.

त्याचं असं होतं, की दुसरी माणसं पेपर उघडून आधी क्रिकेट बघतात, तसा कमळाकर दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाची बातमी शोधायचा. तिथे खुर्च्या किती, त्यातल्या रिकाम्या किती, कोण कुठल्या राज्यातून वर गेला, कोणाला पासष्ट वर्षं कधी पुरी होतात आणि त्याच्यामागे सरन्यायाधीश कोण होणार, हे सगळं त्याला तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता तो शिपायांना समजावायचा, की तिथलं थोरलेपण वयावर नसतं. ज्याने त्या कोर्टात आधी शपथ घेतली तो थोरला. दोघांची शपथ एकाच दिवशी झाली तर ज्याची सकाळी आधी झाली तो थोरला. वरचे पाच थोरले, म्हणजे कॉलेजियम, मिळून नव्या माणसांची नावं सुचवतात, ती सरकारकडे जातात, आणि कधी कधी तिथे ओहोटीच्या चिखलात होडी रुतावी तशी रुतून बसतात. हेडक्लार्क विचारायचा, घरत, तुम्हाला यात काय मिळतं? कमळाकर नुसता हसायचा आणि डब्याचं झाकण लावायचा.

त्यामागची गोष्ट त्याने एकदाच, कोर्टाचे नाझर सुशील कदम यांना सांगितली होती. नाझर म्हणजे बेलिफांचा वरचा साहेब, त्यांना सांगणं भागच होतं. बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तालुक्यात नेमणूक असताना, कमळाकर एका विधवेच्या घराचा ताबा घ्यायला गेला होता. चार वाजता घर पाडून झालं. सहा वाजता फॅक्स आला, की दिल्लीने दुपारी साडेबारालाच स्थगिती दिली आहे. कमळाकर तो कागद घेऊन धावत बाईकडे गेला. बाईला वाचता येत नव्हतं. कागदात काय आहे ते तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग ह्यो कुठं लावू? भिंत तर नाय राह्यली.” तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं, की हे कागद ज्यांच्या हातून सुटतात ती माणसं कोण, किती, कधी बसतात आणि कधी बसत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. ठाऊक असून काय होणार होतं, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

करवंदवाडीचा दावा अकरा वर्षांचा होता. मुंबई-गोवा रस्त्यावर खांब गाव आहे, तिथून वर डोंगराच्या सोंडेवर ही कातकऱ्यांची वाडी. जमीन कागदोपत्री मुंबईच्या एका शेठची; त्याने ती जुन्या मालकाकडून विकत घेतली होती आणि त्याला तिथे बंगले बांधायचे होते. वर घरं मात्र तीन पिढ्यांची. पहिलं समन्स कमळाकरनेच नेलं. वाडीतला जाणता माणूस काळू वाघमारे याने अंगठा उठवला, त्याच्या बायकोने, मंगळीने, तांब्याभर पाणी पुढे केलं. पुढे अकरा वर्षं दर कागदाला तसंच होत गेलं. कागद वाईट असला तरी आणणारा माणूस दारी आलेला आहे, असा मंगळीचा हिशेब होता.

वाडी हरत गेली. रोह्यात हरली, अलिबागच्या अपिलात हरली. त्यांचा पहिला वकील निम्म्या तारखांना फिरकलाच नव्हता. मग पेणची किमया म्हात्रे पुढे आली. मिठागरात राबलेल्या घरातली मुलगी, वकिलीला सहा वर्षं झालेली. तिने जुने कागद चाळले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की राहत्या घराखालची जागा राहणाऱ्याला मिळू शकते हा कायद्याचा मुद्दा कोणी मांडलाच नव्हता. ती उच्च न्यायालयात गेली. तिथे सांगितलं गेलं, की इतक्या उशिरा नवा मुद्दा ऐकता येणार नाही. पण दिल्लीला जायचं असेल तर चार आठवडे देतो, तोवर ताबा घेऊ नये.

चार आठवडे म्हटलं तर खूप, म्हटलं तर काहीच नाहीत. दिल्लीत नोंदणी असलेल्या वकिलाशिवाय तिथे कागद दाखल होत नाही, तो वकील गाठण्यात आठवडा गेला. मग कचेरीने कागदात चुका काढल्या: मराठी कागदांची भाषांतरं जोडा, पानं स्पष्ट लावा. त्या दुरुस्त करण्यात दुसरा आठवडा सरला. अखेर प्रकरण दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे लागलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांतले एक निवृत्त झाले. खंडपीठ मोडलं. त्यांच्यापुढची सगळी कामं पुन्हा वाटणीसाठी सरन्यायाधीशांकडे गेली, आणि सरन्यायाधीशही रविवारी निवृत्त होणार होते.

शुक्रवारी काळू रोह्याच्या कोर्टात आला आणि बेलिफांच्या बाकड्यापाशी उभा राहिला. चार आठवडे त्या दिवशी संपत होते. ताब्याचं वॉरंट निघालं होतं आणि ते कमळाकरच्या पिशवीत होतं. कमळाकरने त्याला बाहेर नेलं, चहा सांगितला आणि दिल्लीत काय झालं ते समजावलं. कोणाची केस कोणी ऐकायची ही वाटणी तिथे एकटे सरन्यायाधीश करतात, दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही, हेही सांगितलं.

काळूने सगळं ऐकलं. मग म्हणाला, “म्हंजे आमची केस आता कोनाकडं हाय?”

“आता कोनाकडंच नाय. सोमवारी नवे साहेब शपथ घेतील, मग ते वाटनी करतील.”

“आनि तुमी कवा येनार?”

कमळाकरने कप खाली ठेवला. “सोमवारीच,” तो म्हणाला.

काळूने चहा संपवला. त्याने कप विसळून टपरीवाल्याला दिला आणि स्टँडकडे चालू लागला. किमया त्याच संध्याकाळी फाईल घेऊन दिल्लीच्या गाडीत बसली.

सोमवारी कमळाकर रोह्याला गेलाच नाही, सकाळच्या एसटीने थेट खांबला उतरला. घरून निघताना त्याने भाकरी खाल्ली नव्हती. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा पोट बरं नाही म्हणाला. वाडीच्या पायथ्याशी शेठचा माणूस, सुजय, गाडी लावून उभा होता. मागे जेसीबी होता. पोलिसांची गाडी आली, तिच्यातून हवालदार अनिता भोईर आणि चार शिपाई उतरले. शेजारच्या गावातले दोघे पंच म्हणून आले होते, ते कोणाच्या नजरेला नजर देत नव्हते. भातकापणी उरकली होती, शेतात नुसती धसकटं उरली होती, आणि वाडीतली बरीचशी माणसं कामावर न जाता घरीच होती.

सुजयला घाई होती. वर येता येताच त्याने सांगितलं, की दुपारच्या आत उरकून टाका घरतसाहेब, मला मुंबईला जायचंय. माणूस उद्धट नव्हता. नोकरी करत होता, इतकंच.

कमळाकरने घाई केली नाही आणि मुद्दाम वेळही काढला नाही. नियम असा, की वॉरंट वाचून दाखवायचं, चतुःसीमा बघायच्या, जे कागदावर आहे ते जागेवर आहे का ते ताडायचं. एकतीस वर्षांत तो ज्या क्रमाने काम करत आला त्याच क्रमाने त्याने सुरुवात केली. सगळी वाडी गोळा झाली. त्याने वॉरंट मोठ्याने वाचलं, मग तेच सोप्या शब्दांत सांगितलं. मग पंचांना घेऊन घरं मोजली. कागदावर चौदा होती. जागेवर एकोणीस भरली.

यात लबाडी कोणाचीच नव्हती. दावा लागला तेव्हा चौदाच घरं होती. अकरा वर्षांत पोरांची लग्नं झाली, पाच वाढली. पण बेलिफाला कागदाबाहेर हात घालता येत नाही, आणि कागद जागेशी जुळत नसेल तर विचारल्याशिवाय सुरुवातही करता येत नाही. कमळाकरने नाझरांना फोन लावला. नाझर म्हणाले, हे मी ठरवू शकत नाही, न्यायाधीश मॅडमना विचारतो. त्या साक्षीपुराव्यात बसल्या आहेत, दुपारी उठल्या की कळवतो. सुजय वैतागला. पण अनिता हवालदार म्हणाली, की कागद नसेल तर मी पाच घरांना बंदोबस्त देणार नाही, आणि तिच्यापुढे त्याचं चालेना.

तेवढ्या वेळात किमयाचे निरोप येत होते. एका पक्षाच्या वकिलाने बेलिफाला फोन करण्यात गैर काही नव्हतं. तिचे फोन येतायत हे कमळाकरने सुजयला आधीच सांगून ठेवलं होतं. दहाला शपथ झाली. सव्वाअकराला कोर्ट बसलं. आतापर्यंत पद्धत अशी होती, की अगदी निकडीचं काम असेल तर वकील सकाळी सरन्यायाधीशांपुढे उभा राहून दोन वाक्यांत सांगायचा. नव्या साहेबांनी पहिल्याच सकाळी सांगितलं, की उभं राहून कोणी सांगायचं नाही, निकड का आहे ते लेखी द्या. किमया आणि तिथले वकील पळत खाली गेले आणि पत्र लिहायला बसले.

कमळाकर करवंदाच्या जाळीशेजारी दगडावर बसला होता. सरन्यायाधीश बदलला की कामाची पद्धत बदलते, हे त्याने कित्येकदा डबा खाताना इतरांना सांगितलं होतं. तेव्हा ती नुसती माहिती होती. आज तो दर मिनिटाला फोन काढून बघत होता.

दीडला कळलं, की पत्र मान्य झालं आणि प्रकरण एका खंडपीठाकडे दिलं. त्यांचं रोजचं काम संपल्यावर, आजच ऐकतील. ते कधी संपेल ते कोणी सांगू शकत नव्हतं. कमळाकरने काळूला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की केस आता दोघांकडं हाय. काळूने मान हलवली आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना जाऊन सांगितलं. सगळे तसेच बसून राहिले.

अडीचला नाझरांचा फोन आला. मॅडमचा हुकूम होता, की यादीत आहेत त्या चौदांचा ताबा घ्या. उरलेल्या पाचांसाठी वादीने वेगळा अर्ज द्यावा. आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं.

यादीतलं पहिलं घर काळूचं. शिपाई आत जायला लागले तेव्हा मंगळी दारात आडवी आली. कमळाकरला वाटलं, आता भांडण होणार. पण ती अनिताला म्हणाली, की माझ्या घरातल्या वस्तूला माझाच हात लागंल, तुमी भाईर ऱ्हावा. अनिता मागे सरली. मंगळीने आणि तिच्या सुनेने, नंदाने, एकेक वस्तू बाहेर आणायला सुरुवात केली. डबे, गोधड्या, जातं, मासे पकडायचं जाळं, नंदाच्या लग्नातलं गोदरेजचं लहान कपाट. कमळाकर नियमाप्रमाणे यादी करत होता. जातं बाहेर आणायला नंदाला जड जाऊ लागलं, तेव्हा त्याने कागद पंचाच्या हातात दिला आणि स्वतः हात लावला. मंगळीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या दिवशी तिने त्याला पाणी दिलं नव्हतं, आणि त्याने मागितलंही नव्हतं.

सव्वातीनपर्यंत घर मोकळं झालं. पंचांनी आत जाऊन बघितलं आणि बाहेर येऊन सह्या केल्या. जेसीबीवाल्याने इंजिन सुरू केलं. वाडीतली दोन-तीन कुत्री भुंकत लांब पळाली. काळू दाराकडे पाठ करून उभा राहिला.

तेवढ्यात कमळाकरच्या खिशातला फोन थरथरला. इंजिनाच्या आवाजात त्याला नीट ऐकू येईना, म्हणून तो घराच्या मागे गेला.

“काका, झालं,” किमया घाईघाईने म्हणाली. “जैसे थे. वाडी आहे तशी ठेवायची, अपील घ्यायचं की नाही ते ठरेपर्यंत. आत्ता, चार मिनिटांपूर्वी सांगितलं त्यांनी. तुम्ही कुठवर आलात?”

“पहिलं घर मोकळं केलंय. भिंत उभी हाय.”

“मग तिथंच थांबवा,” ती म्हणाली. मग तिने भराभर सांगितलं, की लेखी हुकूम सह्या होऊन यायला संध्याकाळ होईल, पण ती वकिलांच्या सहीचं पत्र लगेच पाठवते आहे.

कमळाकर पुढे आला आणि जेसीबीवाल्याला हाताने थांब म्हणाला. मग त्याने सुजयला सगळं सांगितलं. सुजय म्हणाला, “घरतसाहेब, फोन म्हणजे कागद नाही. तुमच्या हातात वॉरंट आहे, त्याच्यावर कोर्टाचा शिक्का आहे. माझ्याही फोनवर उद्या कोणी काहीही सांगेल.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कमळाकरने नाझरांना लावलं. नाझरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “घरत, कागद नाही तोवर मी तुम्हाला थांबा म्हणू शकत नाही. आणि चालू ठेवा असंही माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्ही जागेवर आहात.”

म्हणजे सगळं त्याच्यावर येऊन पडलं. हुकूम खोटा निघाला किंवा ऐकण्यात चूक झाली असेल, तर वॉरंट बजावलं नाही म्हणून चौकशी लागणार होती, आणि आठ महिन्यांवर आलेली पेन्शन अडकणार होती. सुजयनेही तेच, सौम्य शब्दांत, बोलून दाखवलं. सगळी वाडी कमळाकरकडे बघत होती. त्याने घड्याळ पाहिलं, पिशवीतून अहवालाचा कागद काढला आणि नंदाच्या कपाटावर ठेवून लिहू लागला: दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी प्रतिवादीच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाने जैसे थे आदेश दिल्याचे फोनवरून कळवले, लेखी आदेशाची खात्री होईपर्यंत बजावणी थांबवली आहे. खाली सही केली. मग सुजयकडे वळला.

“खोटं निघालं तर उद्या सकाळी सातला येऊन मी ताबा देईन, आनि साहेबांपुढं जबाबदारी माझी. पन खरं निघालं तर ह्ये घर परत कोन उभारनार?”

सुजय बाजूला झाला. तो फोन काढून शेठशी बोलायला लागला. बोलणं चालू असतानाच त्याला दुसरा फोन आला, आणि तो उतारावर, माणसांपासून दूर जाऊन उभा राहिला. बराच वेळ ऐकत होता. बोलत फारसा नव्हता. अनिता हवालदार कमळाकरच्या शेजारी उभी होती, ती हळूच म्हणाली, “यांचा पण वकील असेल की तिथं.” कमळाकरच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. शेठने दिल्लीत आपला वकील उभा केलेलाच असणार, आणि तो त्या वेळी त्याच दालनात असणार.

सुजय परत आला. कमळाकरकडे न बघता तो जेसीबीवाल्यापाशी गेला आणि त्याला इंजिन बंद करायला सांगितलं.

वाडीत एकदम शांत झालं. काळू मागे वळला. कमळाकरने त्याला काही सांगितलं नाही, कारण कागद अजून यायचा होता. पण त्याने वॉरंट घडी करून पिशवीत ठेवलं आणि तो करवंदाच्या जाळीशेजारच्या दगडावर जाऊन बसला.

किमयाने पाठवलेलं पत्र चारनंतर आलं. खरा कागद पाच वाजून दहा मिनिटांनी आला. पूर्वी फॅक्सची वाट बघावी लागायची; आता दिल्लीहून सही झालेला हुकूम संगणकावरून थेट जिल्ह्याला आणि तिथून तालुक्याला येतो. नाझरांनी फोनवर तो शब्दन् शब्द वाचून दाखवला, आणि कमळाकरने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तीन ओळींचा हुकूम होता. दुसऱ्या पक्षाला नोटीस. चार आठवड्यांनी पुढची तारीख. तोवर वादग्रस्त जागेवर जैसे थे परिस्थिती ठेवावी. वाचून झाल्यावर नाझर म्हणाले, “घरत, बरं केलंत,” आणि फोन ठेवला.

कमळाकरने वाडीला एवढंच सांगितलं, “घरं ऱ्हानार.” नंदा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. काळूच्या पुतण्याने, हरेशने, आरोळी ठोकली, तिचा आवाज पायथ्याच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. म्हाताऱ्या माणसांना पटायला वेळ लागला. त्यांनी जेसीबी उतारावरून खाली जाताना बघितला तेव्हा ती उठली. सुजय जाताना कमळाकरपाशी थांबला, म्हणाला, मला आज मुंबईला पोचायलाच हवं होतं, आता पोचेन. त्याच्याही बोलण्यात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

मग सगळ्यांनी मिळून काळूचं घर परत लावलं. अनिताने शिपायांना हात लावायला सांगितलं, आणि या खेपेला मंगळीने हरकत घेतली नाही. कमळाकरच्या हातात यादी होतीच. तिच्यावर टिक करत त्याने एकेक वस्तू आत जाऊ दिली. पोलीस गेले, पंच गेले. आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. तो दाराशी भिंतीला टेकून बसला.

मंगळीला ते दिसलं असावं. तिने चूल पेटवली, नाचणीची भाकरी थापली आणि सुकटीच्या कालवणाबरोबर त्याच्यापुढे ठेवली. कमळाकर दारातच बसून जेवायला लागला. ती समोर बसली.

“दोगं व्हते म्हनता. कोन व्हते?” तिने विचारलं.

कमळाकरला सगळं ठाऊक होतं, किमयाने दुपारीच नावं कळवली होती. “एक हिमाचलचे. दुसऱ्या बाई हायत, झारखंडच्या. चार महिन्यांखाली आल्यात त्या.”

“आमाला वळखतात का ते?”

“नाय.”

“ही वाडी बगितलीय?”

“कवा बगनार? नाय.”

मंगळीने थोडा विचार केला. “मंग त्यास्नी काय पडलं व्हतं?”

कमळाकरने घास थांबवला. ज्येष्ठता, खुर्च्या, पाच थोरले, वाटणी, हे सगळं तो सांगू शकला असता. “किमया वकिलीनीनं लिवलं व्हतं ना, की आज घरं पाडनार हायत. ते त्यांनी वाचलं,” तो म्हणाला. “वाचलं आनि थांबवलं. तेवढा अधिकार हाय त्यांचा.”

“बरं झालं वाचलं,” मंगळी म्हणाली, आणि तिने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

तो वाडी उतरला तेव्हा अजून उजेड होता. काळू खांबच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. पेणकडे जाणारी एसटी लगेच मिळाली आणि खिडकीची जागाही मिळाली. नागोठणं येण्याआधीच कमळाकरला झोप लागली. वडखळला कंडक्टरने हलवून उठवलं.

पुढे महिन्याभराने तेच दोघे न्यायमूर्ती पुन्हा बसले, दोन्ही बाजू ऐकल्या आणि अपील दाखल करून घेतलं. राहत्या घराच्या जागेचा मुद्दा आता तिथे नीट ऐकला जाणार होता, आणि तो निकाल लागेपर्यंत वाडीला हात लावायचा नाही असं ठरलं. कोणी म्हणतं दोन वर्षं लागतील, कोणी म्हणतं पाच. सुजयच्या शेठने कमळाकरविरुद्ध तक्रार केली नाही. जैसे थे म्हणजे दोन्ही बाजूंना जैसे थे, हे किमयाने वाडीत येऊन बजावून सांगितलं, त्यामुळे त्या उन्हाळ्यात लग्न झालं तरी हरेशला नवीन घर बांधता आलं नाही. तो आणि त्याची बायको आईबापाच्याच घरात राहतात, आणि पावसाआधी सगळ्यांनी मिळून जुनीच कौलं शाकारून घेतली.